गाजर गवत दरवर्षी उपटूनही परत का येतं? सोसायटी, मोकळा प्लॉट आणि टेकडीसाठी उपाय

पुण्यात पहिले दोन-तीन दमदार पाऊस झाले की एक तक्रार हमखास ऐकू येते. "मागच्या वर्षी सगळं साफ केलं होतं, यंदा दुप्पट आलंय." कधी ही तक्रार सोसायटीच्या चेअरमनची असते, कधी शाळेच्या मैदानाची, तर कधी रविवारी सकाळी टेकडीवर श्रमदानाला जाणाऱ्या मंडळींची. कुठे गाजर गवत असतं, कुठे कॉसमॉस, कुठे घाणेरी, कुठे गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया). दुखणं मात्र सारखंच.

टेकडीवरच्या अशा श्रमदानात मीही असतो. तिथे जे कळलं ते थोडक्यात असं: आपण रोप काढतो, पण त्याची जागा उघडी ठेवून घरी येतो. उघड्या, उकरलेल्या जमिनीत सगळ्यांत आधी उगवण्यात या परदेशी वनस्पतींचा हात कुणी धरू शकत नाही. त्यामुळे नुसती साफसफाई म्हणजे पुढच्या पिकासाठी केलेली मशागत ठरते. कधी काढायचं, बी कुठून येतं आणि मोकळ्या जागेत काय लावायचं, हे तीन प्रश्न सुटले तरच चक्र थांबतं.

आधी बी कुठून येतंय ते शोधा

गाजर गवत अमेरिका खंडातलं. आपल्याकडे ते ठळकपणे नोंदवलं गेलं ते पुण्यातच, 1955 च्या सुमारास. वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी 1956 साली ती नोंद प्रसिद्ध केली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी इथे पोचलं, असं मानलं जातं. तिथून पुढे काही दशकांत ते देशभर पसरलं. नीट वाढलेल्या एका रोपाला पंधरा ते पंचवीस हजार बिया धरतात. बी इतकं बारीक आणि हलकं की वारा, पाणी, टायरला लागलेला चिखल, बुटाचा तळवा, काहीही त्याला पुरतं. उगवल्यापासून महिन्या-दीड महिन्यात फुलं येतात आणि ओल मिळत राहिली तर वर्षात तीन-चार पिढ्या होतात.

म्हणून हातात विळा घेण्याआधी प्लॉटवर एक फेरी मारा आणि रोपं कशी उगवली आहेत ते बघा. कुंपणाच्या भिंतीलगत पट्ट्यासारखी दाट रोपं असतील आणि मध्ये विरळ, तर बी शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरून येतंय. तुम्ही आत कितीही उपटलंत तरी शेजारचा प्लॉट फुलायच्या आत साफ होत नाही तोवर उपयोग नाही. शेजाऱ्याशी बोलणं हेच तिथलं पहिलं औषध.

ठरावीक ठिकाणी गोल गोल पुंजके असतील तर आठवून बघा, तिथे मुरूम किंवा भराव टाकला होता का? बागेसाठी लाल माती आणली होती? ड्रेनेजचं किंवा केबलचं खोदकाम झालं होतं? पुण्यात जागोजागी बांधकामं चालू आहेत. एका ठिकाणची माती डंपरनं दुसरीकडे जाते आणि बीही तिच्याबरोबर जातं. माती आणायची असेल तर ती जिथून येणार ती जागा आधी बघून या. तिथे गाजर गवत उभं असेल तर ती माती घेऊच नका. स्वस्तात मिळाली तरी नको.

सगळीकडे सारखंच, गालिचा पसरावा तसं उगवलं असेल तर बियांचा साठा तुमच्याच जमिनीत आहे. खाली गाडलं गेलेलं बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं आणि माती हलवली की वर येऊन रुजतं. अशा ठिकाणी एका मोसमात सुटका होत नाही. निदान तीन-चार पावसाळे सलग काम करायची तयारी ठेवा.

कटर मारून का भागत नाही

सोसायट्यांमध्ये सर्रास गवत कापायच्या मशीननं काम उरकतात. दोन तासांत मैदान स्वच्छ दिसतं, बिलही कमी येतं. पंधरा दिवसांनी जमिनीलगत बघा. कापलेल्या बुडख्याला चार-चार फुटवे आलेले असतात आणि आधी कमरेएवढ्या उंचीवर आलेली पांढरी फुलं आता वितीएवढ्या उंचीवर आलेली असतात. रोप खुजं झालं, पण बी धरायचं थांबलं नाही. शिवाय फुलावर आलेलं गवत मशीननं कापलं की बी चहूकडे उडतं. आणि त्याच पात्याखाली हरळी, मारवेल असलं आपलं गवतही येतं, ज्यानं ती जागा धरून ठेवली असती.

गाजर गवत मुळासकट उपटायचं असतं, आणि तेही फुलावर येण्याआधी. कोवळं रोप ओळखायला सोपं आहे. गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली, फिकट हिरवी पानं जमिनीला चिकटून चक्राकार पसरलेली असतात, मधला दांडा अजून वर आलेला नसतो. या अवस्थेत, पावसानंतर माती मऊ असताना, बुडाशी धरून ओढलं की मूळ सहज निघतं. जमीन कडक झाली की दांडा तुटतो, मूळ आत राहतं आणि पुन्हा फुटतं. पहिल्या चांगल्या पावसानंतर तीन-चार आठवड्यांनी पहिली फेरी, ऑगस्टमध्ये दुसरी आणि परतीच्या पावसानंतर तिसरी. नळ, टाकी, बागेचा पाइप जिथे गळतो तिथे हिवाळ्यातही लक्ष ठेवावं लागतं, कारण तिथे त्याला ओल मिळत राहते.

उपटताना हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मास्क हवाच. या वनस्पतीतल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्यामुळे त्वचेला खाज, पुरळ, काहींना चिघळणारा त्वचारोग होतो. परागकणांमुळे शिंका, सर्दी आणि दमा बळावतो. ज्यांना आधीपासून त्रास आहे त्यांना या कामाला घेऊ नका, पाणी देणं किंवा रोपं लावणं अशी दुसरी कामं द्या. माळीकाका आणि सफाईच्या ताई उघड्या हातांनी हे काम करताना दिसतात, त्यांना मोजे देणं ही सोसायटीची जबाबदारी आहे.

उपटलेलं काय करायचं, हा पुढचा घोळ. फुलं आली नसतील तर ते तिथेच वाळू द्या किंवा कंपोस्टमध्ये घाला, चांगलं खत होतं. फुलं आली असतील तर कंपोस्टच्या खड्ड्यात मुळीच टाकू नका. घरगुती खड्ड्यात बी मरेल इतकी उष्णता होईलच याची खात्री नसते. मग पुढच्या वर्षी तेच खत कुंड्यांत घातलं की गाजर गवत बाल्कनीत पोचतं. फुललेली रोपं पोत्यात भरून तोंड बांधा आणि पूर्ण कुजेपर्यंत पोती उघडू नका. पेटवून देऊ नका. उघड्यावर कचरा जाळायला मनाई आहे, आणि त्या धुरानं वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात.

तणनाशकाबद्दल सारखं विचारतात. 2022 साली केंद्र सरकारनं ग्लायफोसेटच्या वापरावर बंधनं घातली. ते दुकानातून आणून कुणीही फवारायचं औषध नाही. मिठाचं दाट पाणी मारायचा सल्लाही फिरत असतो. रोप त्यानं करपतं हे खरं, पण क्षार मातीत उतरले की तिथे आपलं गवतही धरत नाही. जागा उघडीच राहते, म्हणजे मूळ दुखणं तसंच.

एक मदतनीस मात्र फुकट मिळतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गाजर गवताच्या पानांवर मळकट पांढऱ्या रंगाचे, पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेले छोटे भुंगेरे दिसले तर त्यांना हात लावू नका. हा मेक्सिकन भुंगेरा. 1984 मध्ये बंगळुरूजवळ तो मुद्दाम सोडला गेला आणि आता आपल्याकडेही दिसतो. तो आणि त्याच्या अळ्या गाजर गवताचा पाला खातात. कोवळे शेंडे खाल्ले गेले की फुलंच येत नाहीत. हिवाळ्याच्या सुमारास तो मातीत शिरून सुप्त पडतो आणि पावसाबरोबर बाहेर येतो. जिथे भुंगेरे भरपूर आहेत तो तुकडा उपटायचं काम मागे ठेवा. तिथले थोडे डब्यात गोळा करून, जिथे नाहीत तिथे नेऊन सोडता येतात. एकट्या भुंगेऱ्याच्या भरवशावर मात्र राहता येत नाही. पाऊस लांबला की तो उशिरा येतो आणि तोवर गवत फुललेलं असतं.

उपटल्यावर जागा कुणी भरायची

हीच पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सगळ्यांत जास्त फरक हीच पाडते.

सोसायटीच्या किंवा शाळेच्या आवारात हरळीचे ठोंब लावा. शेतकरी हरळीला वैतागतात, पण मैदानासाठी तिच्यासारखं अंथरूण नाही. कडेच्या पट्ट्यात मारवेलचे ठोंब चालतात. मोकळ्या प्लॉटवर मे महिन्यात टाकळ्याचं बी फेकून ठेवा. टाकळा पहिल्या पावसाबरोबर दाट उगवतो, गाजर गवताच्या रोपांना ऊन मिळू देत नाही, आणि कोवळ्या पाल्याची भाजीही करता येते.

इथे एक सावधगिरी. टाकळ्यासारखंच दिसणारं, पिवळ्या फुलांचं, अंगावर तपकिरी लव असलेलं एक झुडूप पुण्याच्या माळांवर गच्च माजलंय. शास्त्रीय नाव सेना युनिफ्लोरा. ते गाजर गवताला दाबतं म्हणून एके काळी त्याचं कौतुक झालं. पण तेही अमेरिका खंडातूनच आलेलं. आज अनेक उतारांवर गाजर गवत हटलंय आणि त्याच्या जागी एकसलग हेच उभं आहे. त्यात ना कुसळी गवत तग धरतं, ना तेरडा. बी गोळा करताना टाकळ्याची शेंग बघून घ्या. ती बारीक, लांब आणि धनुष्यासारखी वाकलेली असते. या झुडपाची शेंग आखूड, चपटी, दोन बियांच्या मधल्या जागी दबलेली असते.

टेकडीवरचं दुखणं वेगळं आहे

वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई-पाचगाव, बाणेर-पाषाण या टेकड्यांचा मूळ स्वभाव दाट जंगलाचा नाही. काळ्या कातळावर वीतभर माती, त्यावर गवत, आणि मधून मधून साळई, मोई, मेडशिंगी, पळस, बोर, खैर, गणेर अशी विखुरलेली झाडं. आठ महिने हा माळ पिवळा-करडा दिसतो, म्हणून तो उजाड मानला गेला आणि हिरवा करायला गिरिपुष्प लावलं गेलं. निवड करणाऱ्यांची कारणं समजण्यासारखी होती. मुरमाड उतारावर ते जगतं, भराभर वाढतं, गुरंही त्याच्या फारशी वाटेला जात नाहीत. शेताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी ते उत्तमच आहे. पण टेकडीवर त्याचं एकट्याचं रान झालं.

ऑगस्टमध्ये गिरिपुष्पाच्या दाट रांगांत शिरून खाली बसून बघा. वर गर्द हिरवं छत आणि खाली काळपट, ओला, कुजका पाला. हातानं पाला सारला तर खाली गवताची काडी नाही. तिथून पन्नास पावलांवर उघड्या माळावर या. कुसळी गुडघ्याएवढी झालेली, मध्ये तेरड्याची गुलाबी फुलं, कातळाच्या खळग्यात कवळ्याची पिवळी फुलं, रुईच्या पानामागे पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी पानाची कड कुरतडत असलेली. ती पुढे नारिंगी फुलपाखरू होते, आणि रुईच्या कुळातली झाडं नसतील तर ते अंडी घालणार कुठे? घाणेरीवर फुलपाखरं घिरट्या घालतात म्हणून तिची बाजू घेणारे असतात. पण फुलातला मध प्यायला मिळणं आणि अळीला खायला पान मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चंडोल, तित्तर यांना तर गवतच हवं, त्यांची घरटी जमिनीवर असतात. गवत गेलं की ते गेले, आणि ते गेलेले सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण टेकडी तर हिरवीच दिसत असते. मला याचंच सगळ्यांत जास्त वाईट वाटतं.

आता नेहमीची अडचण. "गिरिपुष्पाखाली देशी रोपं लावतो, पाणी घालतो, दोन वर्षांत मरतात." पावसाळ्यात, वाढीच्या ऐन काळात, त्यांना ऊन मिळत नाही आणि उन्हाळ्यात गिरिपुष्प पानं झाडून मोकळं झाल्यावर तीच रोपं रणरणत्या उन्हात उघडी पडतात. दुसरी तक्रार, "तोडलं तर आणखी फोफावतं." तेही खरंच. बुंध्यापासून तोडलं की त्याला झुडपासारखे दहा फुटवे येतात. तोडलेल्या ओल्या फांद्या पावसाळ्यात जमिनीवर पडून राहिल्या तर त्याही मुळं धरतात.

उपाय हळू आहे. आधी परवानगी. टेकड्यांचा मोठा भाग वनखात्याकडे आहे आणि शहरात झाड तोडायला 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली मंजुरी लागते, झाड परदेशी असलं तरी. स्वयंसेवक म्हणून कुऱ्हाड घेऊन टेकडीवर जाऊ नका. वनखात्याबरोबर काम ठरवून घ्या. मग एकदम सगळं न तोडता, जिथे देशी झाडाचं रोप आपोआप आलेलं आहे अशा जागा हेरा. पळस, बोर, मेडशिंगी, खैर यांची रोपं शोधली की सापडतात. पळसाची मुळं तर जमिनीखाली टिकून असतात आणि वर पुन्हा फूट काढतात. त्या रोपाभोवतीचीच गिरिपुष्पं विरळ करा. तोडलेल्या बुंध्याला येणारे फुटवे पावसाळ्यात दर काही आठवड्यांनी हातानं ओरबाडून काढत राहा, निदान दोन-तीन पावसाळे. बुंध्यातला अन्नसाठा संपेपर्यंत हे चालतं. त्यात खंड पडला तर आधीची मेहनत वाया जाते, म्हणून जेवढे बुंधे सांभाळता येतील तेवढेच तोडायला घ्या. फांद्या उन्हाळ्यातच तोडून वाळवा. शेंगा तडकून बी लांब उडतं, तेव्हा शेंगा वाळायच्या आत त्या उतरवलेल्या बऱ्या.

वृक्षारोपणाचे खड्डे आणि समतल चर (पाणी अडवायला उतारावर आडवे खोदलेले) यांच्याबद्दलही बोलायला हवं. नुकत्याच खोदलेल्या चराच्या मातीवर पहिलं काय उगवतं ते जाऊन बघा. गाजर गवत आणि रानतुळस. खड्डा घ्यायचाच असेल तर लहान घ्या, उकरलेली माती त्याच दिवशी दाबून बसवा आणि त्यावर वाळलेल्या गवताचा जाड थर द्या. चांगल्या गवताळ तुकड्यावर तर खड्डे नकोतच. तिथे वणवा आणि फार चराई एवढं रोखलं तरी टेकडी बरंच काही स्वतः करते.

कॉसमॉस, घाणेरी, जलपर्णी

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टेकड्यांवर आणि हायवेच्या कडेनं पिवळ्या-नारिंगी कॉसमॉसचे ताटवे फुलतात, लोक फोटो काढायला थांबतात. मेक्सिकोकडचं हे रोप. याची जमेची बाजू म्हणजे ते वर्षायू आहे आणि सहज उपटतं. वेळ चुकवू नका, एवढंच. पहिली फुलं दिसली की काढा. काळी, सुईसारखी बी तयार झाली की ती कपड्यांना चिकटते आणि काढणारेच तिला पायवाटेनं वरपर्यंत नेतात. दुसरं म्हणजे, बियांच्या पाकिटातून आणि सीडबॉलमधून (बी घालून केलेल्या मातीच्या गोळ्यांतून) कॉसमॉस, सुबाभूळ असलं परदेशी बी टेकडीवर नेणं बंद करा. सीडबॉल बनवण्याचा कार्यक्रम ठेवणार असाल तर आत कोणतं बी आहे ते आधी विचारा. मुलांना हौसेनं करायला दिलेलं काम असतं, त्यात सुबाभळीचं बी असू नये.

घाणेरी खणून काढायला जड जाते म्हणून लोक वरून छाटतात, आणि ती दुप्पट दाट होते. दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू यांनी सुचवलेली पद्धत सोपी आहे. कुदळीनं जमिनीखाली दोन-तीन बोटं मुख्य मूळ तोडायचं, झुडूप उचलायचं आणि मुळं आभाळाकडे करून उलटं ठेवायचं, म्हणजे ते वाळतं आणि पुन्हा रुजत नाही. नंतर दोन पावसाळे त्याच जागी उगवलेली रोपं उपटावी लागतात, कारण बुलबुलासारखे पक्षी फळं खाऊन बी आणून टाकत राहतात, विशेषतः मोठ्या झाडांखाली.

जलपर्णी स्वयंसेवकांच्या हातातली नाही. मुळा-मुठेतून आणि पाषाण तलावातून ती पुन्हा पुन्हा काढली जाते आणि पुन्हा येते, कारण पाण्यात मैला येतो आणि तोच तिचं खत. पावसाळ्यात ती वाहून भीमेतून उजनीकडे जाते, म्हणून इथून गेली तरी संपली असं होत नाही. नागरिक म्हणून मागणी करायची तर दोन गोष्टींची करा: प्रक्रिया न केलेलं सांडपाणी थांबवण्याची, आणि उन्हाळ्याआधी, थर जमायच्या आत, वरच्या अंगानं काढणी सुरू करण्याची. काढून काठावरच टाकलेला ढीग पहिल्या पुरात परत पाण्यात जातो, तेव्हा तो उचलला जातोय का हेही बघत राहा.

काम लागू पडतंय का, हे कसं ओळखायचं

नजरेच्या अंदाजावर जाऊ नका. प्लॉटवर तीन-चार ठिकाणी एक मीटर लांब-रुंद चौकोन आखा, कोपऱ्यांना खुंट्या ठोका, आणि दरवर्षी जुलैच्या शेवटी त्यातली गाजर गवताची रोपं मोजा. त्याच ठिकाणी उभं राहून फोटो काढा. आपल्या गवतानं किती जागा धरली तेही अंदाजे लिहून ठेवा. पहिल्या वर्षी रोपं कमी होतीलच असं नाही, जमिनीतलं बी वर येत असतं. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात आकडा उतरायला लागला पाहिजे. उतरत नसेल आणि आपलं गवत मात्र वाढत असेल तर बी बाहेरून येतंय, पुन्हा कुंपणालगत फेरी मारा. रोपं कमी झाली पण जमीन तशीच उघडी असेल तर आणखी उपटत बसू नका. पुढचा मे येण्याआधी टाकळ्याचं बी गोळा करून ठेवा आणि हरळीच्या ठोंबांची सोय करा.